पारलिंगी तरुण आणि मानसोपचार

कामशेत-मावळातल्या वाचकांसाठी

पारलिंगी : जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची जाणीव न जुळणारी व्यक्ती. पारलिंगी असणं हा आजार नव्हे. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आजार-यादीत (आयसीडी-११) मनोविकारांतून ते वगळलं आहे. उपचार लागतात ते नैराश्य, चिंता, उडालेली झोप आणि घरी-शाळेत झालेल्या छळाच्या घावांवर.

• लिंगओळख ‘बदलून टाकण्याचे’ उपचार : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवले.

• मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ : लिंगावरून वा लैंगिक कलावरून भेदभावास मनाई. उपचारांबाबत अठरा वर्षांखालील मुलांचे प्रतिनिधी सहसा पालकच.

• टेलि-मानस (मानसिक आरोग्य मदतवाहिनी), १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतही. घरात मोकळं बोलता येत नसेल तर बाहेरून फोन करावा.

• प्रत्यक्ष उपचार : येरवड्याचं शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय. कामशेतहून लोकलने शिवाजीनगर, पुढे बस.