84 गावांची थकबाकी

शहर वाढत वाढत शिवाराला भिडलं की दोन्हीकडच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नव्या बंगल्यातल्या माणसांना फवारणीचा वास, गोठ्यातल्या माश्या आणि पहाटेचा ट्रॅक्टर नको असतो. शेतकऱ्याचं म्हणणं असतं की कंपाउंडच्या भिंतीनं वहिवाटीची वाट अडली, ओढा बुजला, वसाहतीचं सांडपाणी बांध ओलांडून पिकात येतं आणि शेजारच्या खोल बोअरनं विहीर आटली. मुळशी-मावळापासून कर्जत-खालापूरपर्यंत हे भांडण आपल्या परिचयाचं आहे. हैदराबादच्या पश्चिमेला मात्र त्याला वेगळंच वळण लागलं. तिथे वादाच्या मध्यभागी एक सरकारी आदेश आहे आणि त्याच्याबद्दलची भूमिका वरवर पाहता उलटी वाटते. पिढ्यानपिढ्या शेती करणाऱ्यांना जमिनीवरची बंधनं उठायला हवी होती, आणि अलीकडे राहायला आलेल्यांना, शहरातल्या पर्यावरणप्रेमींनाही, शेतं आहेत तशीच राहायला हवी होती. या उलट्या चित्रातूनच वादाचं खरं कारण कळतं.

त्याची सुरुवात 28 सप्टेंबर 1908 च्या पुरात आहे. मुसी नदीनं त्या दिवशी हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून नेला आणि हजारो माणसं दगावली. पुढच्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला धरणं बांधून पूर अडवावा आणि तेच पाणी शहराला प्यायला द्यावं, अशी त्यांची योजना होती. त्यातून मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये आणि तिच्या ईसी या उपनदीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये पूर्ण झाला. उस्मानसागरलाच लोक गंडीपेट म्हणतात. (मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता, या धरणांचा पैसा ज्या खजिन्यातून आला, त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडचा शेतसाराही होता.) पंपाशिवाय, केवळ उतारानं शहरात येणारं हे पाणी हैदराबादनं अनेक दशकं प्यायलं. तलाव शहराच्या मालकीचे होते, पण तलावात पाणी ज्या रानातून उतरतं ते रान मोईनाबाद, शंकरपल्ली, चेवेल्ला, शमशाबाद, शाबाद या भागांतल्या शेतकऱ्यांचं होतं.

1990 च्या दशकात शहर पश्चिमेकडे सरकू लागलं, तेव्हा या रानाची काळजी सुरू झाली. आपल्याकडे ज्याला जीआर म्हणतात त्याला तिकडे जीओ म्हणतात. तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारनं 8 मार्च 1996 रोजी जीओ 111 काढला. दोन्ही तलावांभोवतीच्या 10 किलोमीटरच्या पट्ट्यात प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं आणि निवासी वसाहती यांना त्यानं बंदी घातली, 90 टक्के क्षेत्र शेती, मनोरंजन आणि संवर्धनासाठी राखलं, बांधकामाला 0.5 एफएसआयची (म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्या बांधकामाची) मर्यादा घातली. त्याखाली 84 गावं आणि सुमारे 1 लाख 32 हजार एकर जमीन आली. पेद्दशापूर गावी एरंडेल तेलावर प्रक्रिया करणारा कारखाना उभारण्याचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. 1999 आणि 2000 मधल्या निकालांत न्यायालयानं सावधगिरीचं तत्त्व उचलून धरलं. पाण्याला धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयानं बांधकाम करणाऱ्यावर टाकली आणि या पट्ट्यात सरकारनं दिलेली सवलतही टिकू दिली नाही. पर्यावरणाच्या कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. पण जमीन ज्यांची होती त्यांना या बंधनाचा काही मोबदला मिळावा, हा विचार ना आदेशात होता ना निकालांत.

पुढच्या पंचवीस वर्षांत भोवताली काय घडलं ते पाहिलं की ही उणीव किती मोठी होती ते लक्षात येतं. शमशाबादला 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. 158 किलोमीटरचा आउटर रिंग रोड झाला. गच्चीबावली आणि नानकरामगुड्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. गंडीपेटच्या जवळच्या कोकापेट गावाच्या सरकारी जमिनीचा लिलाव ऑगस्ट 2023 मध्ये झाला, तेव्हा एका भूखंडाला एकरी 100 कोटी 75 लाख रुपये बोली आली. तिथून काही मैलांवर टोमॅटो, पालेभाजी आणि फुलं पिकवून शहराला पुरवणाऱ्या शेतकऱ्याला मात्र मुलासाठी रीतसर दुमजली घर बांधायलाही आदेश आडवा येत होता. आणि त्याच पट्ट्यात फार्महाउस, लग्नाचे हॉल, महाविद्यालयं उभी राहत होती. बंदी होती, पण ती ओलांडण्याची ताकद असणाऱ्यांना ती अडवत नव्हती.

इथे मराठी वाचकानं एक फरक लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. पळवाटा असल्या तरी नियम आहे. तेलंगणात असा नियम नाही. पैसे असले की कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. त्यामुळे जीओ 111 नं जमिनीचा वापर गोठवला, पण तिची विक्री गोठवली नाही. कर्ज, लग्न, आजारपण, आटलेली बोअर अशा कारणांनी विकणाऱ्याला बंदीमुळे पडलेला भाव मिळाला. बंदी एक दिवस उठेल असा हिशेब करून थांबू शकणाऱ्यांनी जमीन विकत घेतली. गुंठ्यागुंठ्यानं 'फार्म प्लॉट' विकण्याचा धंदाही याच फटीतून वाढला. बंदीचा तोटा शेतकऱ्याला आणि बंदी उठण्याचा फायदा दुसऱ्याला, अशी ही रचना तयार झाली.

माझं म्हणणं असं की शेतकरी आणि नवा शेजारी यांचं भांडण हे मुळात न चुकवलेल्या बिलाचं भांडण आहे. मोकळं शिवार पावसाचं पाणी जिरवतं, तलाव स्वच्छ ठेवतं, पूर थोपवतं, हवा गार ठेवतं, आणि बंगल्याच्या गच्चीतून जे हिरवं दिसतं तेही देतं. ही सेवा शहर घेतं आणि तिची किंमत शेतकरी मोजतो. हा हिशेब चुकता होत नाही तोवर बंदी ठेवली तरी अन्याय आहे आणि उठवली तरी नुकसान आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सरकारनंच घेतला. 12 एप्रिल 2022 रोजी जीओ 69 काढून तेलंगणा सरकारनं 1996 ची बंधनं उठवली आणि मे 2023 मध्ये मंत्रिमंडळानं जीओ 111 पूर्ण रद्द करण्याचा निर्णय घेतला. सरकारचं कारण साधं होतं. 1996 मध्ये शहराच्या पाण्याचा चौथा भाग या तलावांतून येत होता, आता सव्वा टक्काही येत नाही. कृष्णा आणि गोदावरीचं पाणी शहराला पोचलं आहे. मग 84 गावांना कशासाठी बांधून ठेवायचं? पण हे तलाव आधी पुरासाठी बांधले होते, हे या युक्तिवादात सुटतं. ऑक्टोबर 2020 च्या पावसानं हैदराबादचे सखल भाग बुडवले. सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही तलावांतून पाणी सोडावं लागलं, तेव्हा मुसीकाठचं महात्मा गांधी बसस्थानक पाण्याखाली गेलं. पाणलोटातल्या शेताचं सिमेंट झालं की तेच पाणी धरणात कमी वेळात आणि जास्त प्रमाणात येतं. शिवाय कृष्णेचं पाणी नागार्जुनसागरकडून शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणावं लागतं. उतारानं येणारा साठा गाळ आणि सांडपाण्यानं गमावणं शहाणपणाचं नाही. जीओ 69 मध्ये पाण्याचा दर्जा कोणत्याही प्रकारे बिघडू नये अशी अट आहे. पण बिघडल्यावर सिद्ध करायची अट आणि बिघडण्याआधी सिद्ध करायची अट यांतला फरक सर्वोच्च न्यायालयानं त्याच पट्ट्याबद्दल स्पष्ट केला होता.

दुसरा आक्षेप शहरातून येतो. शेतकऱ्यांनाच जमीन विकायची असेल तर ते शेतीचे राखणदार कसे? हा आक्षेप मला निष्ठुर वाटतो. डॉक्टरनं दवाखाना विकला, कारखानदारानं कारखाना विकला, तर कुणी त्याला राखणदार म्हणून जाब विचारत नाही. फक्त शेतकऱ्यानंच दुसऱ्यांच्या भल्यासाठी आपली मालमत्ता स्वस्त ठेवावी अशी अपेक्षा केली जाते. पट्ट्यातल्या अनेक गावांच्या पंचायतींनी आदेश रद्द करा असे ठराव केले, त्यामागे हावरेपणा शोधण्याआधी शेजारच्या गावातला एकराचा भाव पाहावा. शेती सोडायला उत्सुक असलेला शेतकरीही बहुतेक वेळा शेतीला कंटाळलेला नसतो. शेती करत राहणं ही आपल्या एकट्यावर टाकलेली शिक्षा आहे, या भावनेला तो कंटाळलेला असतो.

मग पैसे द्यायचे तर किती आणि कुठून? तेलंगणात त्याची यंत्रणा तयार आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. मे 2018 मध्ये 'रयतु बंधू' योजना सुरू झाली. जमिनीच्या पासबुकावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात प्रत्येक हंगामाला एकरी 4 हजार, पुढे 5 हजार रुपये जाऊ लागले. तिच्यावरची टीकाही रास्त होती. कमाल मर्यादा नव्हती, खंडानं कसणाऱ्याला काही मिळत नव्हतं आणि प्लॉट पाडलेल्या जमिनीलाही पैसे जात होते. जानेवारी 2025 पासून 'रयतु भरोसा' या नावानं वर्षाला एकरी 12 हजार रुपये देताना लेआउट आणि लागवडीयोग्य नसलेल्या जमिनी वगळायचं ठरलं. म्हणजे कुठला एकर लागवडीयोग्य आहे आणि कुठला नाही, याची नोंद सरकार ठेवू शकतं. 84 गावांत या रकमेवर पाणलोट राखण्याचे एकरी वीस हजार रुपये वर्षाला जास्त दिले, असं उदाहरणादाखल धरू. सगळ्या 1 लाख 32 हजार एकरांना दिले तरी 264 कोटी होतात. कोकापेटच्या त्या भावानं हे तीन एकरांहून कमी जमिनीचे पैसे आहेत. त्यात सरकारी आणि बांधलेली जमीन वजा केली तर आकडा आणखी खाली येतो. हा पैसा शहराच्या पाणीपट्टीतून आणि बांधकाम परवान्यांच्या शुल्कातून यावा, कारण सेवा शहर घेतं.

न्यूयॉर्क शहरानं हे करून दाखवलं आहे. उत्तरेच्या कॅट्सकिल डोंगरांतून येणारं पाणी गाळण्यासाठी अब्जावधी डॉलरांचा प्रकल्प उभारावा लागणार होता. त्याऐवजी 1997 मध्ये शहरानं पाणलोटातल्या गावांशी करार केला. गोठ्यांचं सांडपाणी रोखायला, ओढ्याकाठी झाडं राखायला शेतकऱ्यांना शहराचा पैसा मिळाला, विकू इच्छिणाऱ्यांची जमीन बाजारभावानं घेतली गेली, आणि बंदी लादण्याऐवजी वाटाघाट झाली. तिथली गावंही आधी शहराच्या नियमांविरुद्ध चिडली होती.

अर्थात वीस हजार रुपयांनी कोट्यवधींच्या मोहाला आळा बसणार नाही, हेही खरं. ज्याला मोठी रक्कम हवी आहे त्याच्यासाठी बांधकामाचा हक्क विकण्याची सोय हवी. मुंबईत 1991 च्या नियमांपासून ही सोय टीडीआर या नावानं परिचित आहे. मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीनं 1980 मध्ये हाच मार्ग शेती वाचवायला वापरला: शेतकरी आपला बांधकामाचा हक्क शहराजवळच्या बिल्डरला विकतो, जमीन शेतीखालीच राहते. हैदराबादमध्ये यात एक मोठी अडचण आहे. 2006 पासून तिथे बहुतेक इमारतींना एफएसआयची कमाल मर्यादाच नाही. रस्त्याची रुंदी आणि सोडायची मोकळी जागा सांभाळली की मजले चढवता येतात. उंची फुकट मिळत असेल तर मोईनाबादच्या शेतकऱ्याचा हक्क कोण विकत घेईल? म्हणून पाणलोटाचा प्रश्न मोईनाबादमध्ये सुटणार नाही, तो कोकापेटच्या मनोऱ्यांवर वाजवी मर्यादा घालण्यातून सुटेल. हा मुद्दा बिल्डरांना आवडणार नाही. माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे.

नव्या शेजाऱ्यांनाही खलनायक करण्याचं कारण नाही. अनेकांनी आयुष्याची कमाई घालून, शांतता मिळेल या जाहिरातीवर विसंबून घर घेतलेलं असतं. त्यांना शेजार कसला आहे हे खरेदीआधी लेखी सांगितलं जात नाही, हा दोष व्यवस्थेचा आहे. अमेरिकेत 1979 पासून राज्या-राज्यांनी शेतीच्या हक्काचे कायदे केले, आज ते पन्नासही राज्यांत आहेत: शेती आधीपासून चालू असेल तर वास, धूळ, आवाज यांवरून तिला सहसा न्यायालयात खेचता येत नाही. या कायद्यांचा फायदा बड्या वराहपालन कंपन्यांनी उचलला, हेही तिथे घडलं. म्हणून संरक्षण आकारानं लहान, जुन्या शेतीपुरतं असावं. खरेदीखतातच एक पान जोडावं: शेजारी शेती आहे, फवारणी होईल, वाट आणि ओढा अडवता येणार नाही. आपल्याकडेही तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात हे करायला फारसा खर्च येणार नाही.

84 गावांचा विकास आराखडा ज्या दिवशी येईल, त्याआधी एक कागद जाहीर व्हायला हवा: 8 मार्च 1996 रोजी कुठला सर्व्हे नंबर कुणाच्या नावावर होता आणि आज कुणाच्या नावावर आहे. नोंदी महसूल खात्याकडे आहेतच. बंधनाचा भार ज्यांनी सोसला त्यांचा मोबदला आणि बंदीच्या भावानं जमीन घेतलेल्यांवरचा वाढीव मूल्याचा कर, दोन्ही त्या यादीवरून ठरवता येतील. ती यादी प्रसिद्ध न करता काढलेल्या आराखड्यात हिरव्या रंगाचा पट्टा पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या शेतावर ओढला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, कारण त्याच्याकडे हैदराबादच्या सचिवालयात जाऊन तो पुसून घेण्याची ताकद नसते.