जुनी कटर मशीन घरी खोलताय? आधी पिन काढा

मी नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला एक सुतारकाम करणारे दादा आले. डाव्या हाताला रक्ताने भिजलेला टॉवेल, आणि सोबतच्या माणसाकडे डब्यातल्या बर्फात टाकलेलं बोटाचं पेर. लाकूड कापायची जुनी मशीन मध्येच बंद पडत होती. बटण चालूच्या जागी अडकवलेलं, गार्ड कधीचा काढून टाकलेला. पिन न काढताच त्यांनी पात्यापाशी हात घातला. वायर हलली आणि मशीन सुरू झाली. पेर थेट बर्फात गोठल्याने खराब झालं होतं, ते जोडता आलं नाही.

आपल्या कितीतरी घरांची चूल अशा मशीनवर पेटते. ती बंद पडली की त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घरीच खोलून बघणं साहजिक आहे. बघा, पण क्रमाने.

आधी पिन: नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन काढून आपल्या डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे घरातलं कोणी चुकून लावणार नाही.

चालू-बंद होते: वायर बहुतेक वेळा मशीनमध्ये शिरते तिथेच आतून तुटते. वरून टेप गुंडाळू नका. तेवढा भाग कापून नीट जोडा किंवा वायरच बदला.

ठिणग्या उडतात, जोर कमी झाला: कार्बन काढून बघा. बऱ्याच मशीनला ते दोन्ही बाजूंच्या टोपणांखाली असतात. झिजून 6 मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर त्याच मापाचे नवे, दोन्ही एकदम बदला. तरीही आत आग फिरल्यासारखी दिसली किंवा जळका वास आला, तर आर्मेचर वाइंडिंगवाल्याला दाखवा.

धूर येतो, लाकूड काळं पडतं: पातं बोथट झालंय. बोथट पातं लाकडात अडकून मशीन अंगावर उसळते. नवं पातं बाणाच्या दिशेने बसवा. त्यावर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा कमी नसावा. तडा गेलेलं पातं वापरूच नका.

गार्ड: खालचा गार्ड मागे सारून सोडा. तो झटकन जागेवर आला पाहिजे. अडकत असेल तर आतला भुसा ब्रशने काढा. गार्ड बांधून ठेवलेली मशीन चालू असली तरी दुरुस्त झालेली नाही.

हाताला झिणझिण्या: त्याच क्षणी काम थांबवा. धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन पिनांची वायर आणि चालू अर्थिंग हवंच. जमलं तर घराच्या लाईनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. कोणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा.

भुशाकडेही दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाला असतो. नाकाला मास्क लावा, काम मोकळ्या हवेत करा. भुसा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

इतकं करूनही बोट कापलंच, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, चहापत्ती, चुना काही लावू नका. तुटलेला भाग किंचित ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ त्या भागाला थेट लागता कामा नये. 108 ला फोन करा. अपघाताची वेळ डॉक्टरांना सांगा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

घरातल्या बायांनो, हे तुम्हीही वाचा. मशीन दादा चालवतात, पण त्या वेळी दवाखान्यात घेऊन धावणारं माणूस बहुधा तुम्हीच असता.