लॅपटॉप मंदावला? आधी आत कोण अडकले ते पाहा

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी पुतणी नाशिकरोडला राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा लॅपटॉप सेकंडहँड, वहिनींनी भिशीच्या पैशांतून घेतलेला. घरातले ते एकमेव यंत्र. तिचा अभ्यास त्यावर, धाकट्या भावाची शिकवणी त्यावर आणि शिष्यवृत्तीचे सगळे कागदही त्यातच. जुलैच्या मध्याला तो असा मंदावला, की टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. पंखा सारखा घरघरे, खालची बाजू तव्यासारखी तापे, बॅटरी तासाभरात संपे. दुरुस्तीवाल्या एका दुकानदाराने पाच मिनिटे हाताळून सांगितले, "मदरबोर्ड चाललाय. नवीनच घ्या." वहिनींनी पतपेढीतून ४० हजारांच्या कर्जाचा फॉर्म आणला आणि मला फोन केला, "भावजी, जामीनदार म्हणून तुमची सही लागेल."

सही करायला मी गेलो. पण म्हटले, आधी यंत्र तर पाहू. मी काही इंजिनिअर नव्हे. वीस वर्षे ऑफिसात संगणकापुढे बसलो, एवढीच शिदोरी.

पुतणी वैतागली होती. "काका, सगळे प्रोग्रॅम बंद केलेत. दहा वेळा लॅपटॉप बंद करून चालू केला. व्हायरसपण तपासला. काहीच निघालं नाही." तिचे खोटे नव्हते. पडद्यावर एकही खिडकी उघडी नव्हती, तरी पंखा ओरडतच होता.

वाचकहो, इथेच आपली फसगत होते. एखादा प्रोग्रॅम गोठला की त्याच्या खिडकीच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी येते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती खिडकी साधारण ५ सेकंद काहीच दाद देत नसेल, तर विंडोज ती पाटी लावते. पण यंत्रात अशी कितीतरी कामे चालतात ज्यांना खिडकीच नसते. घड्याळ जुळवणे, नव्या फाइलींची यादी ठेवणे, छपाईचे कागद सांभाळणे ही सगळी पडद्यामागची माणसे. त्यांतले कोणी अडकले तर पाटी लावायची कुठे? म्हणून दोष दिसत नाही, नुसता त्रास जाणवतो.

त्यांना पाहण्याची जागा म्हणजे 'टास्क मॅनेजर'. १९९६ च्या विंडोज एनटी ४ पासून तो विंडोजमध्ये आहे, तरी घरोघरी फारसा कोणी उघडत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो समोर येतो. छोटाच दिसला तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करावे. 'सीपीयू' या रकान्याच्या माथ्यावर क्लिक केले, की सर्वांत जास्त खाणारा वर येतो.

आमच्याकडे वर आला 'स्पूलर सबसिस्टिम ॲप'. त्यापुढचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास, आणि तो हलायला तयार नाही. हा आकडा फार बोलका असतो. त्या लॅपटॉपला कामासाठी चार 'लॉजिकल प्रोसेसर' होते. कोणी एकाच कामात गोल गोल फिरत राहिले तर त्यांतला एक पुरता अडकतो, म्हणजे चारातला एक, पंचवीस टक्के. खऱ्या कामाचा आकडा वरखाली होतो. असा एका जागी रुतून बसलेला दिसला की संशय घ्यावा. शिवाय जुने यंत्र तापले की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, त्यामुळे उरलेल्या तिघांकडूनही काम नीट होत नाही.

स्पूलर म्हणजे छपाईचा कारकून. आपण 'प्रिंट' म्हटले की तो मजकूर आपल्याकडे ठेवून घेतो आणि प्रिंटरला सवडीने देतो. मी विचारले, "प्रिंटर कुठाय तुमच्याकडे?" ती म्हणाली, "नाही हो. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या होस्टेलवर तिच्या प्रिंटरला लावला होता. चाळीस पानांची असाइनमेंट. निम्म्यात कागद अडकला, मी वायर काढून निघून आले."

सापडले! कारकून महिनाभर ती फाइल हातात घेऊन बसला होता.

मग दहादा बंद-चालू करून तो सुटला का नाही? दोन कारणे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर पडद्यामागची ही मंडळी पूर्ण बंद होत नाहीत, त्यांची आहे ती अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. सकाळी अडकलेला अडकलेलाच उठतो. म्हणून यंत्र बिघडल्यासारखे वाटले तर 'रिस्टार्ट' करावे. दुसरे कारण, छपाईचा मजकूर डिस्कवर साठवलेला असतो. तो तिथे आहे तोवर रिस्टार्टनंतरही कारकून तीच फाइल पुन्हा हाती घेणार. 'एंड टास्क' करूनही भागत नाही, कारण स्पूलर पडला तर विंडोज त्याला पुन्हा उभा करते.

उपाय तसा सोपा. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडले, यादीत 'प्रिंट स्पूलर'वर उजवे क्लिक करून 'स्टॉप' दिले. पंखा तिथेच हळू झाला. मग सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टिम ३२, त्यात स्पूल, त्यात 'प्रिंटर्स' हे फोल्डर. आत जायला परवानगी विचारतात, ती दिली. आतल्या फाइली काढल्या. फोल्डर मात्र काढायचे नाही, आणि सिस्टिम ३२ मध्ये इतरत्र बोटही लावायचे नाही. मूळ असाइनमेंट जिथे होती तिथे सुरक्षित राहते, जाते ती फक्त छपाईची रांग. परत येऊन स्पूलर 'स्टार्ट' केला. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मधून मैत्रिणीचा प्रिंटरही काढून टाकला.

दरवेळी स्पूलरच असेल असे नाही. 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' वर दिसले तर तो विंडोजचा पहारेकरी तपासणी करतो आहे. त्याला हाकलू नये, काम संपू द्यावे. भरपूर फाइली कॉपी केल्यावर शोधयादी करणारा 'इंडेक्सर' काही वेळ राबतो, त्यालाही वेळ द्यावा. नाव अनोळखी असेल तर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' पाहावे. विंडोजच्या नावाखाली लपलेला भामटा बहुधा भलत्याच फोल्डरात सापडतो. पण ओळख पटल्याशिवाय काहीही बंद करू नये. 'विनइनिट'सारखे एखादे बंद केले तर सगळे यंत्रच निळा पडदा दाखवून बसते.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आवाज बंद झाला का हो?" पुतणी तोवर अर्जाची पाने उघडून बसलीसुद्धा होती. कर्जाचा फॉर्म टेबलावर तसाच राहिला. बॅटरी मात्र महिनाभराच्या तापाने खरोखरच थकली होती. ती दोन दिवसांनी बदलली.