आधी पाणी, मग बाग

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा एक अध्याय आहे. जमिनीखालचे पाणी शोधायचे कसे, एवढाच त्याचा विषय. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष, म्हणजे हात वर केलेल्या दोन माणसांच्या उंचीइतक्या, खोलीवर गोड पाणी लागते, असे ठोकताळे तिथे एकामागून एक येतात. सहाव्या शतकातल्या या ग्रंथातला प्रत्येक ठोकताळा आज कसोटीला उतरेलच असे नाही. पद्धत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: आधी माती, खडक, झाडे आणि वारुळे पाहायची, कुदळ त्यानंतर. आजचे लँडस्केप आर्किटेक्ट कामाला हात घालतात तेव्हा पहिला नकाशा याच गोष्टींचा काढतात. निदान काढायला हवा.

भारतीय बागेचा विषय निघाला की बोलणे मोगलांच्या चारबागेपाशी जाऊन थांबते. पण जमीन, पाणी आणि झाडे यांची जाणती मांडणी ज्या ठिकाणी झाली, त्यांतल्या बहुतेकांना कोणी बाग म्हटलेच नाही. देवराई, बारव, गावतळे, खाजन ही सगळी त्यातलीच.

सह्याद्रीतल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला. देवराईत कोणी काही लावलेले नसते. देवाच्या धाकाने तिला हात लावलेला नसतो, एवढेच. कित्येक ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक होता. गावाचा झरा अनेकदा याच रानातून निघतो, तेव्हा हा दंडक पाण्याच्याही पथ्यावर पडत आला. आता जीर्णोद्धाराच्या उत्साहात काही देवरायांमध्ये देवळाभोवती फरशी येते, पत्र्याचा मंडप येतो आणि जुनी झाडे आड येऊ लागतात.

बारवांमध्ये, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींमध्ये, साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर तर बांधकाम म्हणूनही पाहण्यासारखी. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. अष्टकोनी विहीर, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आत महालासारखी बसायची जागा आणि वर मोटा चालवण्याची सोय. पाणी उपसण्याची जागा आणि थंडाव्याला टेकण्याची जागा एकाच दगडी रचनेत बसवली आहे.

गोव्यातले खाजन हा या सगळ्यांत गुंतागुंतीचा प्रकार. मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या मुखाकडची ही जमीन भरतीच्या पाण्याखाली जाणारी. गावकऱ्यांनी माती आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि पाण्याच्या वाटेवर ‘मानस’ बसवली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात घ्यायचे, पीक निघाले की खाडीचे पाणी आत घेऊन मासळी धरायची. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा अंगावर घेते. भात, मासे आणि खारफुटी यांचा मेळ एका दाराच्या उघडझापीवर बसवलेला.

हे टिकले ते गावकारीमुळे. बांध तपासणे, खिंडार बुजवणे, मानशीची दुरुस्ती, मासेमारीचा लिलाव, सगळी कामे ही ग्रामसंस्था पाहत असे. पोर्तुगीज काळात तिचे कोमुनिदाद झाले आणि अधिकार आटत गेले. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्यायाचेच होते. बांधांची जबाबदारी मात्र कूळ संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती धड कोणाचीच राहिली नाही. बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही, की शेतात खारे पाणी साचते आणि काही वर्षांत तिथे खारफुटीच उगवते.

स्वातंत्र्यानंतर लँडस्केप आर्किटेक्चर हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून भारतात उभा राहिला. अहमदाबादेत प्रभाकर भागवत, दिल्लीत रवींद्र भान आणि मोहम्मद शहीर ही त्यातली आघाडीची नावे. जुन्या आकारांची नक्कल करण्यापेक्षा जुनी रीत उचलावी, हे या क्षेत्रातल्या चांगल्या कामांत दिसते.

जोधपूरचे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे त्याचे ठळक उदाहरण. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याची सुमारे ७२ हेक्टर खडकाळ जमीन विलायती बाभळीने गिळली होती. मेक्सिकोकडची ही झुडपे मारवाडात विसाव्या शतकात मुद्दाम पसरवली गेली. वरून तोडली की ती दुप्पट जोमाने फुटतात. ती हटवून तिथे उद्यान उभारण्याचे काम २००६पासून निसर्गअभ्यासक प्रदीप क्रिशन यांनी हाती घेतले. मुळे काढायची तर ज्वालामुखीचा कठीण खडक फोडायला हवा होता. तोडगा निघाला तो खंडवालियांकडून. वालुकाश्माच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी ही माणसे खडकावर हातोडा मारतात आणि आवाजावरून भेग कुठे आहे ते सांगतात. त्यांनी छिन्नीने खड्डे खोदून मुळे उपटली, आणि त्याच खड्ड्यांत थोरासारखी खडकावर वाढणारी मारवाडी झाडे लावली गेली. अशी रोपे बाजारात मिळत नाहीत म्हणून उद्यानाची स्वतःची रोपवाटिका उभी राहिली. पावसाचे पाणी शहराकडे नेण्यासाठी पूर्वी खडकात खोदलेला कालवा आता तिथली पायवाट आहे.

दिल्लीच्या सुंदर नर्सरीत प्रश्न वेगळा होता. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची ही जागा मोगल काळात अझीम बाग होती, पुढे ब्रिटिशांनी नव्या राजधानीसाठी परदेशी झाडे इथे वाढवून पाहिली. आगा खान ट्रस्टच्या प्रकल्पात शहीर यांनी ती नव्याने आखली आणि २०१८मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. मधला पाण्याचा अक्ष मोगली वळणाचा आहे. पण उद्यानाच्या एका भागात दिल्ली परिसरातल्या चार जमिनी उभ्या केल्या आहेत: टेकडीची कोही, नदीकाठची खादर, सपाटीची बांगर आणि पाणथळ डाबर. प्रत्येकीवर तिची तिची झाडे.

महाराष्ट्रातल्या शहरांत चित्र संमिश्र आहे. सोसायट्यांच्या अंगणात अजून हिरवळीच्या पट्ट्या आणि ओळीने लावलेले पाम दिसतात. उन्हाळ्यात टँकर मागवून ते जगवले जातात, आणि सावली कोणालाच मिळत नाही. झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवल्यामुळे पाऊस मुरायला जागा उरत नाही. दुसरीकडे गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणच्या तरुणांनी श्रमदानातून बारवांमधला गाळ आणि झुडपे काढली, पायऱ्या मोकळ्या केल्या, दिवे लावून उत्सव केले. बारव स्वच्छ झाली, तरी तिच्यात पाणी येते ते भोवतालच्या जमिनीतून. त्या जमिनीवर बोअरवेल किती, बांधकाम किती आणि मोकळी माती किती, हे ठरवणे श्रमदानाच्या हाती नाही. ते ग्रामपंचायतीच्या आणि नगररचना विभागाच्या कागदांवर ठरते, आणि त्या कागदांत बारवेची नोंद बहुधा एका ठिपक्यापुरती असते. तिचे पाणलोट क्षेत्र त्यात आखलेले नसते.