सह्याद्रीचं धाकटं भावंड

मॉरिशसला जाऊन आलेल्या कुणाचाही फोन उघडा, निळं पाणी आणि पांढरी वाळू याखेरीज त्यात फारसं काही सापडत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, टूरवाले दाखवतातच तेवढं. पण चिपळुणात आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईला विचाराल, तर हे बेट दगडापासून बघायला सुरुवात करावी.

कारण तो दगड आपल्या नात्यातला. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला भूखंड उत्तरेकडे सरकत असताना हिंद महासागराखालच्या एका तप्त स्थळावरून जात होता. तिथून लाव्हा उसळत राहिला आणि दख्खनचं पठार, आपला सह्याद्री घडला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपण पुढे निघून आलो, ते तप्त स्थळ मागेच राहिलं. 80-90 लाख वर्षांपूर्वी त्यातूनच मॉरिशस समुद्रावर आलं आणि त्यानंतर शेजारचं रियुनियन. रियुनियनमधला ज्वालामुखी अजून जागा आहे, मॉरिशसचे निजलेत. वयाचा हिशेब केला तर मॉरिशस हे सह्याद्रीचं धाकटं भावंड.

क्युरपिप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं असंच एक निजलेलं मुख आहे. सुमारे 300 मीटर रुंद, उतारावर गच्च झाडी, तळाशी थोडं पाणी. काठावरच्या गोल रस्त्यावर गावातली माणसं सकाळी चालायला येतात, ज्वालामुखीकडे ढुंकूनही बघत नाहीत! क्युरपिप उंचावर असल्याने धुकं आणि पाऊस आंबोलीसारखा, छत्री हवीच.

शामारेलची सप्तरंगी माती मात्र निवांत बघावी. जेमतेम दीड-दोन एकराचा उघडा उंचवटा, त्यावर लाल, तपकिरी, पिवळट, जांभळ्या, निळसर मातीच्या लाटा. कठड्यापलीकडे पाऊल टाकायची परवानगी नाही. कोकणातल्या माणसाला या रंगांमागचं कारण पटकन कळेल, कारण आपला जांभाही असाच होतो. उष्ण हवेत नि धो धो पावसात काळा बेसॉल्ट कुजतो, त्यातली सिलिका वाहून जाते, लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. लोहामुळे लाल-तपकिरी छटा येतात, अॅल्युमिनियममुळे निळ्या-जांभळ्या. नुसत्या डोळ्यांना फोटोपेक्षा रंग फिके वाटतात, हे आधीच सांगून ठेवते. सकाळी ऊन तिरपं असताना ते जास्त उठतात. दुपारच्या बसमधून उतरलेली मंडळी ‘एवढंच?’ म्हणून परत फिरतात. त्याच वाटेवर सुमारे 100 मीटरचा धबधबा लागतो.

आमच्या गाडीचा चालक पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावचा, मराठी वस्तीचं म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. एकोणिसाव्या शतकात करारावर उसाच्या मळ्यांत आणलेल्या मजुरांत कोकणातले बरेच होते. घरी क्रिओल, शाळेत शिकलेलं मराठी. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्याने अगदी ऐटीत सांगितलं. पुस्तकी पण स्वच्छ मराठीत त्याने मला विचारलं, कोकणातले डोंगर असेच दिसतात का? माथे सारखेच काळे, पण आपले पसरट, तुमचे सुळक्यांचे, असं सांगितलं, तर त्याला ते फारसं रुचलं नसावं.

समुद्राबद्दल एकच सांगते. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाचा बांध आहे. लाटा बाहेरच फुटतात, म्हणून आतलं पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला ग्री ग्री इथे तो बांध तुटलाय; तिथे लाटा थेट कड्यावर आपटतात आणि पोहणं धोक्याचं. सकाळी एका किनाऱ्यावर डुंबून संध्याकाळी ग्री ग्रीला उभं राहिलं, की प्रवाळ काय काम करतं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

डोडो याच बेटावरचा. 1598 मध्ये डच उतरले आणि पुढचं शतक सरायच्या आत तो संपला. उरलेलं कसं वाचवलं ते माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत या 26 हेक्टरच्या बेटुकल्यावर बघायला मिळतं. बाहेरची झाडं उपटून तिथे मूळची एबनी जोपासली आहे, गुलाबी कबुतरं पुन्हा सोडली आहेत. मूळची कासवं नामशेष झाल्यामुळे अल्दाब्राची अजस्र कासवं आणली. ती फळं खातात आणि विष्ठेतून बिया पेरत फिरतात. त्यातलं एक पायवाटेच्या मधोमध बसलं होतं. वाटाड्याने ते उठवलं नाही, आम्हालाच झुडपातून वळसा घालून नेलं.

एजंट हेलिकॉप्टरमधून ‘समुद्राखालचा धबधबा’ दाखवायची गळ घालतात. ल मॉर्न डोंगरापाशी वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे घसरताना वरून तसा भास होतो. पाणी काही पडत नाही. हौस असेल तर जरूर बघा. माझं मत विचाराल, तर ते पैसे वाचवून इल ओ एग्रेतच्या होडीचं तिकीट आधी काढा, आणि जानेवारी-मार्चमधले वादळांचे महिने टाळा.