एका भूखंडावर किती घरे? महागाईमागचे नियम

सिलिकॉन व्हॅलीत उत्तम वेतन असलेल्या दांपत्यालाही घर घेणे दुरापास्त का होते, याचे कारण बहुधा तंत्रज्ञान कंपन्यांच्या पगारांत शोधले जाते. पगारांमुळे मागणी वाढते हे खरेच. पण मागणीच्या प्रमाणात घरे का वाढत नाहीत, याचे बरेचसे उत्तर नगरनियोजनाच्या नियमांत आहे.

अमेरिकेत कोणत्या भूखंडावर काय बांधता येईल, हे स्थानिक ‘झोनिंग’ ठरवते. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९१६ मध्ये काही भाग केवळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवला. १९२६ मध्ये युक्लिड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला वैध ठरवले आणि ही पद्धत देशभर रुजली. २०१९ मध्ये सॅन होजेतील निवासी जमिनीपैकी सुमारे ९४ टक्के जमीन अशा स्वतंत्र घरांसाठीच राखीव होती.

याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. भूखंडाची किंमत १२ लाख डॉलर धरली आणि तेथे एकाच घराला परवानगी असली, तर जमिनीचा सारा भार एका कुटुंबावर पडतो. चार घरांना मुभा असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ३ लाख येतात. मात्र मोजक्याच भूखंडांना ही सवलत मिळाली, तर त्यांचेच भाव चढतात आणि लाभ जमीनमालकाच्या पदरात पडतो. म्हणून सवलत व्यापक असावी लागते. शिवाय उंच इमारतींचा बांधकामखर्च प्रति चौरस फूट अधिक असतो. त्यामुळे घनता वाढली की घर आपोआप स्वस्त होते, असेही नाही.

मिनियापोलिसने २०२० पासून निवासी भूखंडांवर तीन घरांपर्यंत परवानगी दिली आणि २०२१ मध्ये सक्तीच्या वाहनतळाची अट रद्द केली. २०१७ ते २०२२ या काळात तेथील घरांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, भाडी मात्र अवघ्या १ टक्क्याने. उर्वरित मिनेसोटात भाडेवाढ १४ टक्के होती. नवी घरे प्रामुख्याने मोठ्या इमारतींत झाली, तीन घरांच्या छोट्या वास्तूंत नव्हे. कॅलिफोर्नियातही २०२२ पासून ‘एसबी ९’ कायद्याने एका भूखंडावर चार घरांपर्यंत वाट मोकळी केली. परंतु स्थानिक अटी आणि खर्च यांमुळे तिचा वापर तुरळकच राहिला.

ज्यांनी पूर्वी घर घेतले, त्यांना टंचाईमुळे वाढणारी किंमत लाभदायक वाटते. त्यांत अनेक मराठी कुटुंबेही आहेत. नगरपालिकेच्या जनसुनावणीत घरमालक आपले म्हणणे मांडतात. ज्यांना त्या नव्या घरांत राहायचे आहे, ते बहुधा अजून दुसऱ्या गावी भाड्याने राहत असतात आणि तेथे त्यांना मतही नसते.