डाव्या पायडलाचे उलटे आटे

गोंदिया जिल्ह्यात शाळेच्या वेळेला खेड्याच्या रस्त्यावर थांबलं, की मुलींच्या सायकलींची रांग दिसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यातल्याही कितीतरी या रांगेत असतात. या सायकलींचा एक साधा हिशेब मांडू. समजा, शाळा पाच किलोमीटरवर आहे, चाक 28 इंची आहे, पुढच्या चक्राला 44 दात आहेत आणि मागच्याला 18. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साडेपाच मीटर पुढे सरकते. म्हणजे शाळेपर्यंत नऊशेच्या वर फेरे झाले, जाऊन-येऊन अठराशेच्या वर. शाळेचे 200 दिवस धरले तर वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त!

एवढ्यात पाऊल स्वतः किती फिरतं? पायडलाचा दांडा, म्हणजे क्रँक, साधारण 17 सेंटिमीटरचा असतो. एका फेऱ्यात पावलाची वाट एक मीटरच्या किंचित वर भरते. एक मीटर पाय हलवायचा आणि साडेपाच मीटर पुढे जायचं! अर्थात हे फुकट मिळत नाही. अंतर जितक्या पटीने वाढतं, तितक्याच पटीने रेटा घटून चाकापर्यंत पोचतो. धानाच्या बांध्यांमधल्या सपाट रस्त्यावर हा सौदा परवडतो. सालेकसा-देवरीकडे चढ लागला की उतरून सायकल ढकलावी लागते.

या सगळ्या व्यवहारात माणूस आणि यंत्र यांची गाठ पडते ती पायडलावर. सायकल घेताना आपण रंग पाहतो, सीट दाबून बघतो, घंटी वाजवतो. पायडलाकडे सहसा कुणी बघत नाही. खरं तर ते उघडून पाहण्यासारखं आहे.

बाहेरची टोपी काढली की आत एक जाड खिळा दिसतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना ग्रीसमध्ये बसवलेले बारीक छर्रे. वर्षाचे ते साडेतीन लाख फेरे हे छर्रे झेलतात. क्रँक गोल फिरते, पण पाऊल सपाटच राहतं, म्हणून पायडलाला प्रत्येक फेऱ्यात खिळ्याभोवती एकदा उलटं फिरावं लागतं. रोवणीच्या दिवसांत चिखलपाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, छर्रे खरवडतात आणि पायडल कुरकुरू लागतं. उघडता येणारं पायडल असेल तर छर्रे बदलून, ग्रीस भरून ते पुन्हा नव्यासारखं चालतं. बंद बेअरिंगच्या पायडलात चिखल उशिरा शिरतो, पण एकदा बिघडलं की गावच्या दुकानात दुरुस्त होईलच असं नाही.

आता खिळ्याच्या क्रँकमध्ये जाणाऱ्या टोकाकडे बघा. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे मात्र उलटे! का? उत्तर हवं असेल तर एक पेन डाव्या मुठीत सैलसर धरा आणि उजव्या हाताने त्याचं वरचं टोक गोल फिरवा. टोक ज्या दिशेने फिरवाल, त्याच्या विरुद्ध दिशेने पेन मुठीत स्वतःभोवती वळत जाईल. पायडलाचंही हेच होतं. पावलाचा दाब नेहमी खालीच असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे तिच्या दृष्टीने तो दाब भोवती फिरत राहतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत खिळा त्या दाबाखाली लोळतो आणि सूतसूत वळतो. उजवीकडे हे वळण आटे आवळतं. डावीकडेही साधेच आटे ठेवले असते, तर तेच वळण ते सैल करत गेलं असतं आणि एखाद्या दिवशी पायडल रस्त्यावर पडलं असतं. अमेरिकेत डेटन इथे सायकलींचं दुकान चालवणाऱ्या राइट बंधूंनी 1900 च्या सुमारास आपल्या सायकलींना असं उलट्या आट्यांचं डावं पायडल बसवलं. हेच ते बंधू, ज्यांनी 1903 मध्ये विमान उडवलं.

यात आणखी एक गंमत दडली आहे. छर्रे पूर्ण जाम झाले आणि पायडल खिळ्याला धरून बसलं, तर हेच आटे उलट सुटू लागतात. पाऊल अडकून मुरगळण्याऐवजी पायडल क्रँकमधून निघून येतं.

मग घ्यायचं कोणतं? शर्यतीत सायकल चालवणारे लोक बुटाचा तळ पायडलात खटकन अडकवतात. ‘लुक’ कंपनीने 1984 मध्ये असं पायडल बाजारात आणलं आणि पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. अडकवल्यामुळे पाय वर ओढतानाही जोर लावता येतो आणि त्याचा मोठा फायदा होतो, असा समज आहे. पण 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढायला सांगितलं, तेव्हा तेवढ्याच कामाला त्यांच्या शरीराची ऊर्जा उलट जास्त खर्च झाली. बाजारहाटाला, शाळेला किंवा रविवारी नवेगावबांधच्या तलावापर्यंत जाणाऱ्याला साधं सपाट पायडलच उत्तम. पाय टेकवायचा झाला तर क्षणात टेकवता येतो.

सपाट पायडलातही निवड आहे. आपल्याकडे अर्धी दुनिया चपलेवर सायकल चालवते. चपलेला रबरी ठोकळ्यांचं पायडल मानवतं. मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलीचं उघडं लोखंड चटका देतं, तसं रबर देत नाही. पण रबर झिजून गुळगुळीत झालं की ओल्या चिखलात चप्पल सरकते आणि पायडल नडगीवर आदळतं. दातेरी कडांचं पायडल ओल्यातही पकड सोडत नाही, मात्र ते बुटासाठी ठीक; चपलेचा तळ ते कुरतडतं. रुंदी एवढी हवी, की पावलाचा चवडा पूर्ण टेकेल. फार रुंद घेतलं तर वळणावर ते जमिनीला घासतं.

पायडलाच्या पुढे-मागे चमकणारे पिवळे तुकडे असायलाच हवेत. गुन्नार योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे नुसते ठिपके हलताना दिसले, तरी पाहणाऱ्याला तिथे माणूस चालतोय हे लगेच कळतं. दिवे नसलेल्या रस्त्यावर धानाचा ट्रक मागून येतो, तेव्हा मागच्या मडगार्डवरचा स्थिर ठिपका काहीही असू शकतो. आळीपाळीने वर-खाली होणारे दोन ठिपके मात्र माणसाचे पायच असतात, आणि ड्रायव्हरला ते विचार करण्याआधी उमगतं.

दुकानात पायडल बोटाने फिरवून बघा. ते सहज फिरावं, खरखर नसावी, आणि खिळा धरून हलवलं तर खडखड होऊ नये. जुनं पायडल सोबत न्या, कारण खिळ्याचे दोन आकार चालतात, 9/16 इंच आणि अर्धा इंच, आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही. काढताना एवढं लक्षात ठेवा: पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडलं सुटतात, हँडलकडे ओढला की दोन्ही आवळतात. नवं बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावा आणि पहिले दोन-तीन वेढे हातानेच द्या. हाताला अडलं तर पान्याने रेटू नका. खिळ्यावरचं एल किंवा आर हे अक्षर बघा. बहुतेक वेळा डावं पायडल उजवीकडे आलेलं असतं.